दोन आठवड्यांचं समर स्कूल आणि सव्वादोन लाख रुपये: जावं का?

परळची_नात | ९ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला इतिहासात एम.ए. करतेय, दुसरं सत्र सुरू आहे. नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट शहरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जुलैमध्ये एक समर स्कूल आहे, त्यात माझी निवड झालीय. विषय औद्योगिक शहरं आणि तिथले कामगार. दोन आठवड्यांत एक दिवस आम्सटरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेत नेणार आहेत. १९३५ साली स्थापन झालेली ही संस्था कामगार चळवळीच्या कागदपत्रांसाठी जगभर ओळखली जाते, मार्क्स-एंगल्सची बहुतेक हस्तलिखितं तिथेच आहेत.

माझे आजोबा स्पिनिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत. माझा प्रबंध त्या संपावर आहे. म्हणून अर्ज केला.

आता हिशेब. फी ९५० युरो, खोली ४५० युरो. युरो शंभर रुपयांना धरला तर एक लाख चाळीस हजार इथेच झाले. तिकीट साठ-पासष्ट हजार, शिवाय विमा, जेवणखाण, तिथला प्रवास. सव्वादोन लाखांपर्यंत जातंय. शिकवण्या घेऊन जमवलेले सत्तर हजार माझ्याकडे आहेत. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत, ते म्हणतात उरलेले मी देतो. आई काही बोलत नाही, पण तिच्या मनात काय आहे ते मला कळतं.

१५ मार्चपर्यंत कळवायचंय. जे गेलेत, ज्यांची मुलं गेलीत, त्यांनी खरं काय ते सांगा. कौतुक नको, निर्णयाला उपयोग होईल असं सांगा.

---

शीव_स्टेशन | ९ फेब्रुवारी

अभिनंदन! मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतोय, त्यामुळे माझा अनुभव जरा वेगळा. आमच्या विषयात अशा शाळांसाठी खिशातून पैसे घालायची वेळ कमी येते. मी इटलीत त्रिएस्तेला आयसीटीपीत (सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं आंतरराष्ट्रीय केंद्र) तीन आठवडे होतो. पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये ती संस्था उभी केली. पाकिस्तानात राहून संशोधन करताना आपण जगापासून तुटतोय हे त्यांनी स्वतः सोसलं होतं, शेवटी १९५४ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. विकसनशील देशांतल्या माणसाने थोडे दिवस यावं, शिकावं आणि आपल्या देशात परतून काम करावं, हा त्यामागचा विचार. नोंदणी फी नसते, निवड झाली तर राहण्याचा आणि कधी कधी प्रवासाचाही खर्च तेच बघतात.

सामाजिक शास्त्रांत असं क्वचितच मिळतं हे मान्य. पण फी माफीसाठी अर्ज केलास का? नसेल तर आजच ईमेल टाक. आर्थिक परिस्थिती दोन ओळींत आणि प्रबंधाचा विषय पाच ओळींत. मागायला संकोच करू नकोस, अशी पत्रं त्यांना दरवर्षी येतात.

---

परळची_नात | १० फेब्रुवारी

शीव_स्टेशन, माफी मागता येते हे माहीतच नव्हतं. आज रात्री लिहिते.

---

पार्लेकरीण | १० फेब्रुवारी

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. पीएच.डी. करत असताना बुडापेस्टला अशाच एका शाळेत गेले होते आणि त्यानंतर माझ्या काही विद्यार्थ्यांनाही पाठवलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

समर स्कूल या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकीत सकाळी दोन व्याख्यानं, दुपारी शहरदर्शन, शनिवारी बोटीतून फेरी आणि शेवटी प्रमाणपत्र. दुसरीत महिनाभर आधी वाचन पाठवतात, तुमच्याकडून निबंध मागतात आणि तो वर्गात सगळ्यांसमोर फोडतात. दोन्हींची फी सारखीच असू शकते. ओळखायचं कसं? माझा साधा नियम आहे: वाचनाची यादी मागा. यादी तयार नसेल तर जाऊ नका. मग वर्गात किती जण आणि शिकवणारे कोण ते विचारा. नाव मोठ्या प्राध्यापकाचं आणि वर्ग घेणारा दुसराच, असंही होतं. वीस-बावीस जणांपुढे वर्ग गेला की बोलायची पाळीच येत नाही.

क्रेडिट किती देतात तेही बघ. युरोपात एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, नेदरलँड्समध्ये २८ धरतात. दोन आठवड्यांना तीन क्रेडिट असतील तर ८४ तास झाले, वाचन आणि लेखन धरून. एवढं काम खरंच करून घेणार असतील तर शाळा गंभीर आहे. ही क्रेडिटं आपल्याकडे गुणपत्रिकेत धरली जातील असं मात्र गृहीत धरू नकोस. विभागप्रमुखांकडून आधी लेखी घे. आणि आपलं सत्र जून-जुलैत सुरू होतं. हजेरीसाठी लागणारी परवानगीही त्याच पत्रात मागून घे. माझ्या एका विद्यार्थिनीचे परत आल्यावर दोन महिने या हजेरीच्या भांडणात गेले, आणि एवढ्या उमेदीने गेलेल्या मुलीला इथे माफी मागावी लागली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आता 'जावं का' याबद्दल. आपल्या मुलांना वाचता येतं, लिहिता येतं. वर्गात 'मला हे पटत नाही, कारण...' असं म्हणायची सवय मात्र आपण त्यांना लावत नाही. मीही माझ्या वर्गात पुरेशी लावू शकत नाही. साठ मुलं असतात आणि अभ्यासक्रम संपवायचा असतो. बुडापेस्टला तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा एका प्राध्यापकाला अडवलं. ते थांबले आणि म्हणाले, पुढे बोला. त्या दोन शब्दांनी माझ्यात जो फरक पडला, तो पुढच्या चार वर्षांत मिळालेल्या कुठल्याच पुस्तकाने पडला नाही. तुझ्या वर्गात हे घडणार असेल तर जा.

---

जुना_करी_रोड | ११ फेब्रुवारी

मी विरोधात बोलणार आहे, राग मानू नकोस मुली.

तुझा विषय गिरणगाव. त्याची कागदपत्रं कुठे आहेत? काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, राज्य पुराभिलेखागारात. १८२१ साली सुरू झालेला दफ्तरखाना आहे तो. परळहून बसने अर्धा-पाऊण तास. पत्र घेऊन गेलीस तर बसायला टेबल मिळतं. त्यातले किती रुमाल, म्हणजे कागदांची बासनं, तू सोडून बघितलेस?

आणि कागदांपेक्षाही महत्त्वाचं, माणसं. संपाच्या वेळी जो तिशीचा होता तो आज सत्तरी ओलांडून गेलाय. मी तेव्हा एकवीस वर्षांचा बदली कामगार होतो. आमच्या खात्यातले जे माझ्या ओळखीचे होते, त्यांतले गेल्या दोन वर्षांत पाच गेले. युट्रेक्ट पुढच्या वर्षीही असेल, हे नसतील. सव्वादोन लाखांत तू एक बरं रेकॉर्डर घेऊन वर्षभर रत्नागिरी, सातारा, सांगली पालथी घालशील. गावी परतलेल्या गिरणी कामगाराला अजून फारसं कोणी विचारलेलं नाही.

---

परळची_नात | ११ फेब्रुवारी

काका, राग कसला. रात्री तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, हे गृहस्थ खरं बोलतायत.

पुराभिलेखागारात मी सहा वेळा गेले आहे. मुलाखत एकही घेतलेली नाही. खरं सांगायचं तर काय विचारायचं तेच कळत नाही. आजोबांना लहानपणी विचारलं की ते 'संप झाला, गिरण्या गेल्या' एवढंच म्हणायचे. त्यापुढचा प्रश्न मला सुचत नाही.

---

ठाण्याची_आई | १३ फेब्रुवारी

जायचं की नाही ते तू ठरव, पण ठरलं तर व्हिसाचं हे लक्षात ठेव. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी जर्मनीला गेला होता आणि सगळी कागदपत्रं मीच लावली होती.

दोन आठवड्यांसाठी विद्यार्थी व्हिसा लागत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा, अल्प मुदतीचा व्हिसा लागतो, त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा प्रवासाच्या १५ दिवस आधी. पण त्या १५ दिवसांवर विसंबू नकोस. निकाल १५ दिवसांत येणं अपेक्षित असलं तरी तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय एप्रिल-मे म्हणजे मुंबईतले निम्मे लोक युरोपच्या सहलीला निघालेले असतात, बीकेसीच्या व्हिसा केंद्रात भेटीची वेळ मिळता मिळत नाही. मार्चमध्येच तारीख घे.

आता सर्वांत महत्त्वाचं. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे. पण शिक्षणासाठी किंवा प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना, पदव्युत्तर धरून, ती माफ आहे. शेंगेनच्या नियमांतच तसं लिहिलंय. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. आम्हाला खिडकीवर कोणी हे सांगितलं नाही. मी नियमाचा कागद छापून नेला होता, तो दाखवल्यावर आत विचारून आले आणि फी काढून टाकली. नऊ हजार वाचले. तूही छापून ने. निवडपत्रावर 'पदव्युत्तर अभ्यासक्रम' आणि तारखा स्पष्ट असू देत.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, दोन पानं कोरी हवीत. आम्ही वडिलांचं आयकर विवरण, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि कॉलेजचं ना हरकत पत्र जोडलं होतं. मुंबईला परत का येणार हे त्यांना कागदावरून पटावं लागतं, त्यामुळे पुढच्या सत्राच्या नोंदणीची पावतीही लाव. पॅरिस बघायचा मोह झाला तर बघ, पण जिथे जास्त दिवस राहायचं त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो.

आणि व्हिसा नाकारला तर फीचे किती पैसे परत मिळतील ते शाळेकडून आधीच लेखी घे.

---

काळाघोडा_जर्मन | १३ फेब्रुवारी

ठाण्याची_आई यांना अनुमोदन. धागा वाचणाऱ्या भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी भर घालतो: जर्मन शिकत असाल तर डाड (DAAD) ही जर्मन विनिमय संस्था तिथल्या विद्यापीठांच्या उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती देते. मॅक्स म्युलर भवनात चौकशी करा. भाषाविज्ञान किंवा तर्कशास्त्र असेल तर एस्ली ही शाळा १९८९ पासून दर उन्हाळ्यात वेगळ्या शहरात भरते, तीही दोन आठवड्यांची.

---

परळची_नात | २ मार्च

कळवायला आनंद होतोय, निम्मी फी माफ झाली! म्हणजे ४७५ युरो वाचले. पार्लेकरीण ताईंनी सांगितल्याप्रमाणे वाचनाची यादी मागितली, दुसऱ्याच दिवशी आली. चारशे पानं आहेत. वर्गात बावीस जण. विभागप्रमुखांनी हजेरीचं पत्र दिलं.

जायचं ठरवलंय. काका, तुमचं म्हणणं विसरलेले नाही.

---

परळची_नात | १७ ऑगस्ट

परत येऊन तीन आठवडे झाले. लिहायला उशीर केला, कारण काय घडलं ते मलाच नीट समजून घ्यायचं होतं.

व्हिसा बारा दिवसांत आला. नियमाचा कागद दाखवल्यावर फी माफ झाली, ठाण्याची_आई, तुमचे किती आभार मानू. चारशे पानांतली बरीचशी परळ-कुर्ला लोकलमध्ये वाचून झाली, उरलेली विमानात.

युट्रेक्टला जुलैत रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे पहिले तीन दिवस झोपेची वेळच कळेना. स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे, जगातला सर्वांत मोठा. मला सायकल येत नाही, मी रोज चाळीस मिनिटं चालत गेले. जेवणाची काळजी होती ती एका सुरिनामी दुकानाने मिटवली. १८७३ पासून कलकत्त्याहून करारावर मजूर म्हणून नेलेल्या भोजपुरी माणसांचे हे वंशज. सुरिनामहून नेदरलँड्सला आले आणि रोटी, बटाटा, चवळीच्या शेंगा बरोबर घेऊन आले. गल्ल्यावरच्या आजींची सरनामी (या लोकांची भाषा) मला अर्धी समजायची, माझी हिंदी त्यांना अर्धी. वर्गात मजुरांच्या स्थलांतरावर वाचत होतो आणि दुपारी त्याच इतिहासाच्या हातचं जेवत होते.

आता मुख्य गोष्ट.

प्रत्येकाने आपल्या शहरावर पाच पानं आधी पाठवायची होती. माझी पाळी चौथ्या दिवशी. मी १९८२ वर लिहिलं होतं: अडीच लाख कामगार, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, अधिकृतपणे कधी मागेच न घेतलेला संप, आणि नंतर गिरण्यांच्या जमिनी. तिथे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मला ते जमत नव्हतं, मी 'प्रोफेसर'च म्हणत राहिले. आमच्या प्राध्यापकांनी माझी पानं वाचली होती, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यांचा पहिलाच प्रश्न होता: या पाच पानांत एकही बाई का नाही?

मी म्हणाले, गिरण्यांमध्ये बायका फार थोड्या होत्या. त्यांनी विचारलं, नेहमीच?

मला उत्तर माहीत होतं, पण ते मी प्रश्न म्हणून कधी बघितलं नव्हतं. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. रात्रपाळीची बंदी तर आधीपासूनच होती, मग १९२९ चा मुंबईचा प्रसूती लाभ कायदा, नवी यंत्रं आणि कामगार कपात. ज्या कायद्यांनी बाईचं रक्षण करायचं, त्यांच्याच आडून मालकांनी तिला कामावरून कमी केलं. संप होईपर्यंत गिरणी म्हणजे पुरुषांचंच जग झालं होतं.

माझ्या शेजारी पोलंडच्या वुच शहरातली मुलगी बसायची. तेही गिरण्यांचंच शहर. तिथल्या गिरण्यांत बहुसंख्य बायका होत्या. फेब्रुवारी १९७१ मध्ये त्यांनी अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध संप केला आणि सरकारला दरवाढ मागे घ्यावी लागली. तिची आजी त्या संपात होती. त्या रात्री वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी एक वाजेपर्यंत बोलत बसलो. तिने विचारलं, तुमच्याकडे घरी आणि गिरणीत वेगवेगळी माणसं होती, तर दीड वर्ष पगार नसताना त्या अडीच लाख लोकांना जेवायला कोण घालत होतं?

हा प्रश्न मला मुंबईत सुचला नव्हता. काका, तुम्ही फेब्रुवारीत विचारलं होतं त्याचं उत्तर हेच आहे बहुतेक. माझ्याकडे रुमाल होते, माणसं होती, प्रश्न नव्हता.

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खानावळवाल्या बाया जेवू घालायच्या. पगाराच्या दिवशी हिशेब, तोपर्यंत उधारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला. संपात पगार थांबला तेव्हा त्यांच्या उधारीचं काय झालं? किती जणींनी जेवण चालू ठेवलं, कशाच्या जोरावर? संपाबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात त्या येतात एखाद्या ओळीपुरत्या.

आम्सटरडॅमच्या संस्थेबद्दलही लिहिते. एका जुन्या कोकोच्या गोदामात ती आहे. 'कम्युनिस्ट जाहीरनाम्या'च्या मसुद्याचं हाताने लिहिलेलं एकच पान शिल्लक आहे, ते तिथे जपून ठेवलंय. पण माझं मन अडकलं ते पत्रकांत, संपाच्या वर्गणीच्या पावत्यांत. आपल्याकडे चाळ पाडताना पोटमाळ्यावरचं जे रद्दीत जातं, ते तिथे आम्लरहित खोक्यात क्रमांक लावून ठेवलेलं आहे. मी त्या टेबलापाशी उभी होते आणि मला रडू आलं. आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आजोबांची ट्रंक आम्ही उघडूनही बघितली नव्हती.

खर्च शेवटी एक लाख ऐंशी हजार झाला. प्रबंधाचा विषय बदललाय: संपातल्या खानावळी. मार्गदर्शकांनी आधी नको म्हटलं, दोन आठवड्यांनी हो म्हटलं. चार मुलाखती झाल्या आहेत, दोन काळाचौकीत, एक शिवडीत, एक विरारला. आई बरोबर येते. बाया तिच्याशी मोकळ्या बोलतात, मी रेकॉर्डर धरून बसते.

ज्यांच्या घरात कोणी खानावळ चालवत होतं त्यांनी कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. हिशेबाची वही असेल तर सोन्यासारखी जपून हाताळेन, फोटो काढून लगेच परत देईन.

---

पार्लेकरीण | १७ ऑगस्ट

'नेहमीच?' हा एक शब्द. मी उद्या वर्गात जाऊन तुझा हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

---

परळची_नात | १७ ऑगस्ट

नक्की वाचा ताई.

---

शीव_स्टेशन | १८ ऑगस्ट

फार बरं वाटलं वाचून. पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्यांसाठी: फी माफीच्या पत्रात काय लिहिलं होतंस ते इथे टाकशील का?

---

परळची_नात | १८ ऑगस्ट

टाकते. घरचे आकडे काढून मराठीत सारांश देते, रविवारपर्यंत.

---

जुना_करी_रोड | १९ ऑगस्ट

दोन दिवस विचार करून लिहितोय. संपाच्या पहिल्या सहा महिन्यांत मी स्वतः उधारीवर जेवलो. कोणाकडे, तर माझ्या सख्ख्या मावशीकडे, आणि तरीही इतक्या वर्षांत मला तिची कहाणी सांगण्यासारखी वाटली नाही. आम्ही कायम सभा, मोर्चे, गेटवरच्या मारामाऱ्या हेच सांगत आलो.

मावशीकडे चौदा गडी जेवायचे. संपात त्यातले नऊ गावी गेले, पाच राहिले. तिने मंगळसूत्र मोडलं होतं हे मला काल तिला फोन केल्यावर कळलं. वही नाही, ती भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची आणि भिंत आता नाही. पण नावं आणि रकमा तिला तोंडपाठ आहेत, काल तिने फोनवर सात जणांच्या सांगितल्या.

आता ती डिलाईल रोडला धाकट्या मुलाकडे असते, वय चौऱ्याऐंशी. गुरुवारी दुपारी चारनंतर ये, आईला घेऊन ये. पत्ता व्यनि केलाय. काही आणू नकोस, साखर आहे तिला. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूला बस.